कानातलं मशीन

वडिलांना शेवटची अंघोळ घालायला दोघं भाऊ खाली बसले आणि तिथंच त्यांची जुंपली. “सात वर्षं त्यांचं सगळं मी केलं. अग्नी मीच देणार,” धाकटा म्हणाला. “मग मी थोरला काय नुसता शोभेला?” थोरल्याचा आवाज चढला. “शोभेला तरी कधी आलास?” बहीण ओल्या फडक्यानं वडिलांचा चेहरा पुसत होती. तिचा हात कानापाशी गेला आणि बारीक शिट्टी वाजली. दोघं भाऊ दचकून मागं सरकले. ऐकू येण्याचं मशीन सकाळपासून कानात तसंच चालू राहिलं होतं. घरात भांडण पेटलं की वडील स्वतःच ते काढून खिशात टाकायचे. आज त्यांना जमलं नव्हतं. आई भिंतीचा आधार घेत उठली. तिनं मशीन अलगद काढलं, नखानं बटण बंद केलं आणि मुलांकडे न बघता म्हणाली, “हं, आता भांडा.”