पोळ्यानंतरचा मंगळवार

“अर्जुनराव वकिलांचं भाषण पोळ्यानंतरच्या मंगळवारीच हाय ना? दिवस कलताना, मारुतीच्या पारावर?” खांद्यावरची घोंगडी सावरत सुंदररावाने सहज विचारल्यासारखं विचारलं.

वडवणीच्या बाजारात मिरच्या विकणाऱ्या छबुबाईने तराजू खाली ठेवला. त्याला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. “मला न्हाई बाबा ठाऊक,” म्हणाली आणि पुन्हा मिरच्या जोखू लागली.

सुंदरराव पुढे सरकला. तेल्याला तेच विचारलं, पानवाल्याला तेच, पोळ्याचे गोंडे विकणाऱ्या आश्रुबालाही तेच. मंगळवार त्याने आपल्या मनानेच ठोकून दिला होता. बीडच्या पोलीस ठाण्याच्या अमीनसाहेबांनी आपल्या या शिपायाला युक्तीच तशी शिकवली होती: कधी आहे असं विचारलं की माणूस तोंड शिवून बसतो, पण चुकीचा दिवस सांगितला की तो दुरुस्त केल्यावाचून त्याला राहवत नाही. निजामाच्या राज्यात परवानगीवाचून सभा घेणं म्हणजे गुन्हा, आणि वकील गुपचूप भाषण करणार अशी कुणकुण साहेबांना लागली होती. दिवस आणि वेळ आण, तुला जमादार करतो, असा त्यांचा शब्द होता.

जमादारीवर सुंदररावाचा जीव होता. त्याच्यामागून भरती झालेली पोरं जमादार होऊन मिशा पिळत फिरत होती, आणि घरात भांडण मिठावरून निघो की पाण्यावरून, बायको भिवराबाई त्याला जमादारीवर आणून सोडायची. म्हणून तर त्याने मिशी उतरवली, पटका बदलला, चार घोंगड्या खांद्यावर टाकल्या. बूट तेवढे काढले नाहीत. बीडपासून वडवणीपर्यंत बाभळीचे काटे. सोंग घेतलं तरी पाय काही सोंगाचे नव्हते.

त्या दिवशी कोणी काही दुरुस्त केलं नाही. पुढच्या बाजाराला मात्र नशीब उघडलं. ओळख ना पाळख असा एक कुंभार मडकं वाजवून दाखवता दाखवता त्याच्या कानाशी लागला. “कळलं का? अर्जुनराव वकिलांचं भाषण हाय. पोळ्यानंतरच्या मंगळवारी, दिवस कलताना, पारावर.”

सुंदररावाला आनंद पोटात मावेना. अंधारात मारलेला खडा नेमका लागला होता. आपण इतके हुशार आहोत हे आपल्यालाच कसं आजवर कळलं नाही, याचं त्याला वाईट वाटलं. त्याने एक मडकंही घेतलं, भाव न करता.

मंगळवारी दिवस कलताना अमीनसाहेब फौजफाटा घेऊन पारावर हजर झाले. सुंदरराव गणवेशात त्यांच्या मागे ताठ उभा होता. बायाबापड्यांसकट सारा मुलूख लोटला होता. काही जण भाकरी बांधून आले होते. पोलीस दिसले तरी कोणी जागचं हललं नाही, उलट साहेबांना बसायला कोणीतरी जाजम आणून अंथरलं. एवढ्यात वकिलांची बैलगाडी आली.

“क्यों वकीलसाहब, बिना इजाजत जलसा?” साहेबांनी दरडावलं.

वकील शांतपणे गाडीतून उतरले. “साहेब, माझं इथं भाषण आहे हे मला परवा एका पक्षकाराकडून कळलं. म्हटलं, लोक जमणारच आहेत, तर त्यांना ताटकळत कशाला ठेवायचं?”

साहेब गर्दीकडे वळले. “फिर किसने बुलाया तुम लोगाँ को?”

कुंभाराने आश्रुबाकडे बोट दाखवलं. आश्रुबाने तेल्याकडे, तेल्याने छबुबाईकडे. छबुबाई पदर सावरत पुढे आली आणि तिने साहेबांच्या खांद्यावरून मागे बोट दाखवलं.

“ह्या जमादारांनी सांगितलं की, साहेब. घोंगड्या घेऊन आलते, पर पायात बूट सरकारी व्हते. सरकारचाच मानूस बाजारभर सांगत फिरतोय म्हनल्यावर परवानगी असनारच. न्हाईतर आमी कावून आलो असतो?”

साहेब हळूहळू मागे वळले आणि त्यांनी सुंदररावाच्या बुटांकडे पाहिलं. पारावर वकिलांनी बोलायला सुरुवात केली होती, पण सुंदररावाला त्यातलं अक्षर ऐकू येत नव्हतं. त्याला कोणी जमादार म्हणण्याची ती पहिलीच वेळ होती.