वधूचा फोटो वर पाठवा

"माझी पोर नवरदेव कधी झाली?" फुलंब्रीहून आलेल्या कडुबाने मोबाइल टेबलावर ठेवला.

संभाजीनगरच्या वधू-वर परिचय मेळाव्याची यादी पाच वाजता छापायला जायची होती. चार वाजून दहा मिनिटं झाली होती. मेळाव्याच्या संयोजक मालनबाईंनी वेबसाइट उघडली. वर एकशे चौतीस. वधू शून्य. कडुबाची सोनिया, एम.एस्सी. नर्सिंग, चाळिसावा वर.

"दोन दिवस झाले, पोरींच्या बापांचे फोन यायलेत," कडुबा म्हणाला. "पोरगा काय करतो इचारायलेत. पोराकडचा एकबी फोन नाय. पोरीचा तिसरा मेळावा हाय बाई हा."

मालनबाईंनी वेबसाइट बनवणाऱ्या धम्मपालकडे पाहिलं.

"ताई, एका पानावर दोन फॉर्म आहेत," तो म्हणाला. "कोणता आला ते प्रोग्रॅमला बटणावरून कळतं." त्याने बटणं दाखवली. एकावर 'वराचा फोटो वर पाठवा', दुसऱ्यावर 'वधूचा फोटो वर पाठवा'. "पायथॉनमध्ये मी लिहिलंय, बटणात 'वर' सापडलं की फॉर्म वराचा."

"आणि वधूच्या बटणात 'वर' नाही?"

धम्मपालने बटण पुन्हा वाचलं. "आहे."

"आमच्याकडं वर पाठवलेल्या माणसाच्या फोटोला हार घालत्यात," कडुबा म्हणाला.

धम्मपालने एकाहत्तर मुली एकेक करून वधूंच्या यादीत हलवल्या. दोन्ही बटणांवरचं 'वर पाठवा' पुसून तिथं नुसतं 'जोडा' लिहिलं. साडेचार झाले.

आता कडुबा वरांची यादी बघत बसला. पैठणच्या इंद्रजीतवर त्याचं बोट थांबलं. आयटीआयमध्ये शिकवतो, उंची पाच फूट नऊ. फोटोची जागा रिकामी.

"स्थळ बरं वाटायलंय. पण तोंड तर दिसू द्या."

मालनबाईंनी इंद्रजीतला फोन लावला. "यादी बंद होतेय. पंधरा मिनिटांत फोटो टाक."

पाचला आठ मिनिटं असताना फोटो आला. डावीकडे निळ्या शर्टातला इंद्रजीत. उजवीकडे, त्याच्या खांद्याला खांदा लावून, सोनिया. तिचा फोटो याच साइटवरचा होता. दोघांच्या मधे कापल्याची बारीक रेघ दिसत होती.

मालनबाईंनी पुन्हा फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. "हे काय पाठवलंस?"

"मॅडम, तिथं 'फोटो जोडा' लिहिलंय," इंद्रजीत म्हणाला. "मला वाटलं, पसंत मुलीच्या फोटोला जोडायचा. चुकलं का?"

मालनबाईंनी कडुबाकडे पाहिलं. धम्मपालचा हात फोटो काढून टाकायला माउसवर गेला.

"थांब की," कडुबा म्हणाला. त्याने चष्मा पुसला, खुर्ची पुढं ओढली आणि स्क्रीनवर बोट आडवं धरून दोघांची उंची मोजली.

"दोन प्रिंटा काढ याच्या," तो म्हणाला. "एक पोरीच्या मायला दाखवतो."