लायब्ररीची रांग

दुसरीच्या माझ्या वर्गात "लायब्ररी" असं म्हटलं की मुलं मुकाट्याने उठतात आणि रांगेने बाहेर जातात. त्यांच्यातली डेलनी खुर्च्या फेकायला लागली की मी तेच म्हणते. मग आत उरतो आम्ही दोघी. मी तिच्यासमोर जमिनीवर बसते आणि सांगते, "तुला राग आलाय. मी कुठेही जात नाही."

सप्टेंबरपासून तिने माझं एक बोट मोडलंय, दोनदा ओठ फोडलाय. माझ्या मूल्यमापनात 'भावनांवर ताबा' या रकान्यात पाचपैकी पाच आहेत. मुख्याध्यापक ऑस्टबी म्हणतात, तुमची हातोटीच वेगळी. हातोटी कसली, मी नुसती दात आवळून बसते.

आज तिने फेकलेला स्टेपलर माझ्या भुवईवर बसला. रक्त डोळ्यात गेलं. काही कळायच्या आत मी एक खुर्ची भिंतीवर आपटून मोडली होती आणि दुसरी डोक्यावर उचलली होती. समोर डेलनी होती.

"लायब्ररी," ती मुलांना म्हणाली.

सगळी उठून रांगेने बाहेर गेली. ती माझ्यासमोर जमिनीवर बसली. "मिस, तुम्हाला राग आलाय. मी कुठेही जात नाही."

ऑस्टबींनी दार उघडलं तेव्हा आम्ही दोघी मांडी घालून श्वास मोजत होतो.

"शाब्बास, मिस हॅगन," ते वही उघडत म्हणाले. "आज शांत व्हायला किती वेळ लागला?"

"दहा मिनिटं," डेलनी म्हणाली. "पण त्यांची पहिलीच वेळ आहे ना."