दारावरची बाई

पॉलिशवाली स्टुलासकट खाली कोसळली तेव्हा दुपारचे तीन वाजले असतील. डोकं फरशीवर आपटल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. टेबलांवर वाकलेल्या बारा बायांपैकी एकीनेही मान वर केली नाही.

कवळ्या बनवायच्या त्या कारखान्यात नवीचा तो अठरावा दिवस. मेणाच्या हिरड्यांत दात बसवायचं काम तिच्याकडे होतं. हातातला दात चिमट्यात तसाच धरून ती उठली आणि धावत गेली. ती पोचेपर्यंत शेजारच्या बाईने ॲप्रनची घडी करून पॉलिशवालीच्या डोक्याखाली सरकवलीसुद्धा होती. कुठेही घाई नाही, गडबड नाही. पॉलिशचं चाक गरगर फिरतच होतं. ते बंद न करता ती बाई त्याच्यासमोर बसली. पडलेलीच्या ट्रेमध्ये नऊ कवळ्या उरल्या होत्या. पत्ते वाटावेत तशा त्या तीन-तीन करून तीन टेबलांवर गेल्या.

नवी म्हणाली, पाणी आणा, कुणीतरी डॉक्टरला बोलवा. कुणीच हललं नाही म्हणून ती दुसऱ्यांदा जरा मोठ्याने म्हणाली. तेव्हा काचेच्या केबिनमधून साहेब बाहेर आले. साहेब कधी आवाज चढवायचे नाहीत. त्यांनी उकिडवं बसून पॉलिशवालीची नाडी पाहिली, मग घड्याळ पाहिलं.

"नवीन आहेस म्हणून सांगतो," ते हळू आवाजात म्हणाले, "इथे कुणी पडत नाही. थोडं टेकतात. जा, तुझं मेण गार होतंय."

तेवढ्यात फोन वाजला.

दाराजवळच्या भिंतीवर कापडी खिसे शिवलेला एक पडदा होता. सकाळी येताना प्रत्येकीने आपला फोन आपल्या नंबरच्या खिशात ठेवायचा. प्लास्टरच्या धुळीने फोन खराब होतात, शिवाय लक्षही विचलित होतं. पडद्याखाली खुर्ची टाकून एक वयस्कर बाई दिवसभर बसलेली असे. ती घरच्यांचे निरोप घेते, असं नवीला पहिल्या दिवशी सांगितलं होतं, आणि नवीला ते सोयीचंच वाटलं होतं.

बाईने चार नंबरच्या खिशातून फोन काढला. घसा साफ केला. जरा थांबली. आणि तिच्या तोंडून पॉलिशवालीचा आवाज आला. तोच बसका, शब्दांचे शेवट गिळणारा आवाज.

"हो गं राणी. जेवलीस का? आणि दूध? ... नाही गं, बरी आहे मी. आज जरा उशीर होईल. दार नीट लावून घे." मध्येच ती खोकली. तेही पॉलिशवालीचंच खोकणं.

पॉलिशवाली फरशीवर तोंड अर्धवट उघडं टाकून पडली होती.

बाईने फोन पुन्हा खिशात ठेवला आणि स्वतःच्या आवाजात, अगदी मायेने नवीला विचारलं, काही हवंय का.

नवीची नजर आपल्या अकरा नंबरच्या खिशाकडे गेली. अठरा दिवसांत तिने इथून एकदाही घरी फोन केला नव्हता. सुरुवातीला उशिरावरून कुरकुर करणारी आई हल्ली काही बोलायची नाही. आईला पटलं असेल, असं तिने गृहीत धरलं होतं.

तिने फोन मागितला नाही. ॲप्रन अंगावर तसाच ठेवून ती दाराबाहेर पडली. तिला कुणी अडवलं नाही. समोरच्या औषधांच्या दुकानातून तिने ॲम्ब्युलन्स बोलावली.

वीस मिनिटांनी स्ट्रेचर घेऊन ती आत आली, तर खुर्च्या बाजूला सारून वाट आधीच मोकळी केलेली. तिचा स्वतःचा ट्रे रिकामा होता. तिची अर्धवट राहिलेली कवळी दुसऱ्याच टेबलावर कुणीतरी पुरी करत होतं. साहेबांनी दार धरून ठेवलं आणि स्ट्रेचरवाल्यांना पायरी सांभाळायला सांगितलं.

गाडीत बसल्यावर मदतनिसाने पॉलिशवालीला ऑक्सिजन लावला. बीपी फारच खाली गेलंय, पण वेळेवर आणलंत, असं तो म्हणाला. नवीने त्याचा फोन मागून घेतला. तिला तोंडपाठ असलेला नंबर एकच होता.

"आई, मी बोलतेय."

परक्या माणसाशी बोलावं तशी आई अदबीने म्हणाली, "कोण बोलतंय? माझी मुलगी कामावर आहे. आत्ताच बोलणं झालं आमचं."

"अगं आई, मीच आहे. माझा आवाज..."

आईने फोन ठेवला.

नवीने फोन मदतनिसाला परत दिला. मग तिच्या लक्षात आलं की पॉलिशवालीचे डोळे उघडे आहेत. तिने सगळं ऐकलं असावं. तोंडावरचा मास्क तिने दोन बोटांनी जरासा वर उचलला.

"वाईट नको वाटून घेऊस," ती म्हणाली. "मागे मी तापाने आठवडाभर घरी होते. तिसऱ्या दिवशी पोरगी जवळ येऊन बसली. म्हणाली, आई, तू कामावर जा ना परत. फोनवर तू किती छान बोलतेस."