कुशाबाईचं आवतण

कुशाबाईने भाताचं पातेलं चुलीवरून उतरवलं आणि ती सरळ दारात बसली. दार कसलं, खोपीच्या दोन मेढींमधली मोकळी जागा. पण आत पोत्यावर बसलेल्या हसीनाताईला बाहेर पडायचं तर आता कुशाबाईला ओलांडूनच जावं लागलं असतं. जेवल्याशिवाय तिला सोडायचं नाही, हे कुशाबाईने कालच ठरवून टाकलं होतं.

"कुशाबाई, मला जुन्नरची एसटी गाठायचीय."

"गाठा की. जेवून गाठा."

उद्या सकाळी डिंगोऱ्याच्या शिवारातल्या या सगळ्या खोपी उठणार होत्या. शिमगा तोंडावर आला होता आणि घाटघरची माणसं सणाला वर आपल्या गावी निघाली होती. दरवर्षी कांद्याच्या कामाला खाली उतरताना ती घरचा तांदूळ बांधून आणायची. रेशनकार्ड गावाकडचं, त्यामुळे इथे त्यावर दाणा मिळायचा नाही. संक्रांतीपर्यंत पोतं तळाला जायचं आणि पुढे पोटाला चिमटा. औंदा मजुरांसाठी काम करणारी हसीनाताई बायामाणसांना घेऊन जुन्नरला कचेरीसमोर उन्हात ठाण मांडून बसली, साहेबांशी भांडली, हेलपाट्यांनी तिच्या चपला झिजल्या. आणि घाटघरच्या कार्डावर डिंगोऱ्यात रेशन मिळायला लागलं. शिमगा आला तरी कुशाबाईच्या पोत्यात घरचा तांदूळ शिल्लक होता. परक्या शिवारात कुणाला तरी जेवायला बोलवावं, असं तिला जन्मात पहिल्यांदाच वाटलं होतं.

आता बोलवायचं तर नुसत्या भातावर कसं बोलवणार? तिने गावाकडून कोंबडा मागवला. मग तिच्या डोक्यात आलं, हसीनाताई मुसलमानाची, तिला आपण कापलेला चालायचा नाही. म्हणून तिने नवऱ्याला, जानकूला, सकाळीच कोंबडा देऊन गावातल्या मुलाण्याकडे पिटाळलं.

"एवढ्यासाठी गावात कशाला?" जानकू कुरकुरला. "कोयता हाय की घरात."

"तुजा कोयता बिस्मिल्ला म्हणतो का? जा गप."

आणि आता रस्सा ताटात पडला, तर हसीनाताईचा चेहराच उतरला. तिने ताट हलकेच पुढे सरकवलं.

"मुलाण्याकडनं आणलंय, ताई. अगदी रीतीनं. पुसा यास्नी." तिने जानकूकडे बोट दाखवलं.

"त्याचं नाही गं."

कुशाबाईने तोंड फिरवलं. "मंग आमचा हातच चालत न्हाई म्हणायचा. लई दिस बघतेय मी. च्या दिला तर नको, पानी दिलं तर आपली बाटली काढताय पिशवीतनं."

हसीनाताई तिच्याकडे बघतच राहिली. "या अल्ला! असं वाटलं तुला?" ती म्हणाली. "अगं, माझ्या घरी मिटिंगला माणसं येतात. पाणी कोण पितं आणि कोण नुसता पेला धरून बसतं, ते मी रोज बघते. मी तुला तसं करीन?"

"मंग?"

"गावात म्हणतात, ही बाई मजुरांकडून कोंबड्या घेते, म्हणून त्यांच्यासाठी भांडते. तुमच्यातला घोटभर चहा जरी घेतला, तरी पुढच्या साली कचेरीत माझं कोण ऐकेल? आणि उपकार नाही केले मी, कुशाबाई. हक्क होता तुमचा."

कुशाबाईने पदराने डोळे पुसले. "व्हय, हक्क व्हता. सरकारनं दिला. सरकारला कुठं जेवाया बोलवलंय मी? उन्हात तुमी बसला. तुमाला बोलवलंय."

कचेरीत साहेबांना हार न जाणारी हसीनाताई इथे हरली. तिने ताट ओढलं, भात कालवला आणि घास घेतला. "माझ्या माहेरी असा भात व्हायचा," ती पुटपुटली आणि दुसरा घास घेतला. कुशाबाईला इतकं बरं वाटलं की जानकूला वाढायचंही ती विसरली.

तेवढ्यात बांधावरून मोटारसायकलची फटफट आली. शेताचा मालक भगवंतशेठ. शिमग्यानंतर कांदे काढायला कोण कोण येणार, ते विचारायला तो आला होता. गाडीवर बसल्या बसल्याच त्याने आत डोकावून पाहिलं. हसीनाताईबद्दल गाव बोलतं म्हणायचे, त्यातलं निम्मं गाव म्हणजे हा एकटाच होता.

"म्हंजे लोक म्हणतात ते खरंच म्हणायचं की, हसीनाबाई," तो हसत म्हणाला. "आली का कोंबडी ताटात?"

कुशाबाईला वाटलं, संपलं. आपल्या हट्टापायी या बाईचं नाव खराब झालं. झटकन पुढे होऊन ताटावर पदर धरावा, असंही तिच्या मनात येऊन गेलं.

हसीनाताईने मात्र ताट झाकलं नाही की हात मागे घेतला नाही. तोंडातला घास तिने नीट चावून गिळला.

"आली ना, भगवंतभाऊ. तांदूळ यांचा, कोंबडा यांचा, आणि आवतण देऊन बोलवलंय मला. लई झ्याक झालीय. सांगा गावात."

भगवंतशेठचं हसू जागच्या जागी राहिलं. आणि कुशाबाईला कुठून बळ आलं कोण जाणे, ती दारातून उठली. इतकी वर्षं याच्या रानात ती राबली होती. याच्या पडवीत बसून याच्या घरची भाकरीही तिने खाल्ली होती. पण आपणही याला काही म्हणू शकतो, हे तिला आजवर सुचलंच नव्हतं.

"शेठ, तुमी बी बसा," ती म्हणाली. "औंदा दाणा हाय घरात."

भगवंतशेठने रस्त्याकडे पाहिलं, मग वाफाळत्या पातेल्याकडे पाहिलं. गाडी बराच वेळ नुसतीच फटफटत राहिली. मग बंद झाली.

हसीनाताईने जेवता जेवताच थोडं सरकून पोत्यावर जागा केली.