उजारक येईपर्यंत

इवालूनं नाक मुरडलं. उत्तर ध्रुवाजवळच्या या गावात नाक मुरडणं म्हणजे साफ नकार.

"शनिवारचं विमान सोडलंस तर पुढचं आठ दिवसांनी," नोरीन म्हणाली. "पित्ताची पिशवी सडत चाललीय तुझी, दक्षिणेतल्या इस्पितळात नेऊन कापून काढायला हवी. डोळे बघ किती पिवळे झालेत. डॉक्टर फोनवर म्हणाले, आठ दिवस काढणार नाहीस तू."

दुभाषी ओलिपिकानं ते जसंच्या तसं सांगितलं. इवालू दवाखान्याच्या खाटेवर पोट धरून बसली होती, पण आवाज खणखणीत होता.

"माझ्या आईला जहाजानं दक्षिणेत नेलं. बरी करतो म्हणाले आणि तिकडेच पुरली. मला न्यायचं तर आधी ह्यांना विचारा. हे 'जा' म्हणाले तर जाईन."

नोरीनचा चेहरा एकदम खुलला. "उजारक? आहे ना तो अजून?"

"आहेत की," ओलिपिका म्हणाली. "मियालीबरोबर तळ्यावर गेलेत, मासे धरायला." मियाली ही इवालूची लेक.

नोरीन सहा आठवड्यांसाठी बदली नर्स म्हणून आली होती. चोवीस वर्षांपूर्वी तिनं इथं दोन हिवाळे काढले होते. आता दवाखान्याला नवं छप्पर होतं आणि घरोघरी फोन होते. येऊन आठवडा झाला, तरी उजारकची चौकशी करायचं तिला धाडस झालं नव्हतं. तेव्हाच तो साठीचा होता. विचारावं आणि नको ते ऐकावं, त्यापेक्षा न विचारलेलं बरं.

तेव्हा तो रोज दुपारी बाहेरच्या बाकावर येऊन बसे. आजार काही नसे. चार चमचे साखर घालून चहा पीत नोरीनला एकेक शब्द शिकवी, आणि तिचे उच्चार ऐकून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसे. पहिल्या हिवाळ्यात सूर्य बुडाला तो आठवडेच्या आठवडे उगवला नाही. घरच्या आठवणीनं ती औषधांच्या खोलीत रडत बसली, तर हा गोठलेला मासा घेऊन आत आला. "रड, पण खाऊन रड," म्हणाला. जाताना धावपट्टीवर त्यानं सांगितलं होतं, "परत ये. मी असेनच." त्या दोन वर्षांइतकं सुख तिला पुढे कुठं लाभलं नाही, हे ती आता मोकळेपणानं कबूल करायची.

ओलिपिकानं रेडिओवरून तळ्यावर निरोप धाडला. उत्तर आलं, "मासे लागताहेत. येणार नाही म्हणतात."

"बघा!" इवालूला उलट कौतुकच वाटलं. "दवाखान्याचं नाव काढलं की पळतात. सुईला भितात. मागच्या वेळी टेबलाखाली जाऊन बसले होते."

नोरीन खो खो हसली. अस्वलाला न भिणाऱ्या या माणसाला एका इंजेक्शनासाठी तिघांनी धरलं होतं, ते तिला आठवलं. माणूस कसला बदलतो! तिनं रेडिओ स्वतःच्या हातात घेतला.

"उजारक, मी नोरीन. तुझी बायको विमानात बसली नाही तर मरेल. ये."

 मग मियालीचा आवाज आला. "रडताहेत. शनिवारी सकाळी आणते."

उजारकला रडताना नोरीननं कधी पाहिलं नव्हतं. म्हातारपण माणसाला हळवं करतं, असं मनाशी म्हणत तिनं डोळे टिपले.

शुक्रवारी गावातला जाइपिटी आपल्या तीन आठवड्यांच्या लेकीचं वजन करायला आला. पोरीनं थंड काट्यावर टाहो फोडला. "आई, रडायचं नाही गं. झालं हं, आई," तो तिच्या कपाळावर नाक घासत म्हणाला. बाप सगळीकडचे सारखेच, नोरीनला वाटलं. तिनं वजन लिहून घेतलं.

इवालूचा ताप त्या दिवशी एकशे दोनवर गेला.

शनिवारी विमानाला दोन तास उरले असताना स्लेज दवाखान्यामागे थांबली. नोरीननं केस सारखे केले आणि स्वतःच जाऊन दार उघडलं. बर्फ झटकत मियाली आत आली. तिचं बोट धरून सहा-सात वर्षांची एक मुलगी, गाल थंडीनं लाल झालेले. नोरीननं मुलीकडे पाहून हसून दोघींना वाट दिली आणि दार तसंच धरून ठेवलं.

मुलगी तडक खाटेपाशी गेली. इवालू कण्हत खाली उतरली, मुलीचे हातमोजे काढून तिच्या बोटांवर फुंकर घालू लागली.

"किती उशीर! गारठलात ना?"

"बाबा, आधी बूट काढा," मियाली मागून म्हणाली.

मुलीनं बूट काढले नाहीत. तिनं इवालूच्या पिवळ्या डोळ्यांकडे बराच वेळ टक लावून पाहिलं. 

"जा तू," ती म्हणाली. "कापू दे त्यांना. पण लगेच परत ये."

"बरं. तुम्ही म्हणताय तर जाते." इवालूनं मान तुकवली आणि ओलिपिकाला पिशवी आणायला सांगितलं.

"दार लावा हो, नर्सबाई, गारठा येतोय," ओलिपिका म्हणाली.

"पण उजारक?" नोरीन अजून बाहेरच बघत होती. "तो कुठे राहिला?"

इवालूला इतक्या दुखण्यातही हसू आलं.

"इथं हे समोर उभे, आणि ही बाहेर शोधतेय! सात वर्षांपूर्वी आम्ही ह्यांना टेकडीवर पुरलं, आणि त्याच हिवाळ्यात हे मियालीच्या पोटी परत आले. तोंड उघडा हो जरा, दाखवा हिला, नवे दात येताहेत ते."