स्यू-चिनचा उंदीर

"हा उंदीर कुठून घेतलात?" पालिकेच्या शू साहेबांनी पिंजऱ्याकडे बोट दाखवत विचारलं. आत आंघोळ घातलेला, गळ्यात लाल दोरा बांधलेला लठ्ठ उंदीर बसला होता.

"आमच्या यांनी आणला माझ्यासाठी," स्यू-चिन कौतुकानं म्हणाली. "कोपऱ्यावरच्या बी-युनच्या दुकानातून. आणखी कुठे मिळणार?"

साहेबांच्या मागोमाग बी-युन आत येत होती. ऐकून तिचा चेहराच उतरला. प्राणी विकायचा तिचा परवाना संपला होता. नवा मिळेपर्यंत काही विकायचं नाही, विकलं तर दुकान कायमचं बंद, असा नियम. साहेब त्याच परवान्यासाठी वस्तीप्रमुखांचं मत घ्यायला आले होते.

"साहेब, मी साधा मासासुद्धा विकलेला नाही हो," ती रडकुंडीला येऊन म्हणाली. पेरूची फोड पिंजऱ्यात सरकवता सरकवता स्यू-चिनचा हात थबकला.

वस्तीप्रमुख जिन-शुई, म्हणजे स्यू-चिनचे यजमान, चहाच्या पेल्यात बघत बसले होते.

आमच्या तैवानातल्या तैनान शहरात उंदीर मारायचा असला की तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. उंदराला माणसाचं बोलणं कळतं म्हणे. विषाची पुडी घ्यायची तरी दुकानदाराला नुसती खूण करायची. आम्ही शिकलेली माणसं या समजुतीला हसतो, आणि खूणच करतो. प्रमुख तर उंदीर-निर्मूलन मोहिमेचे पुढारी. गल्लीतल्या प्रत्येक खांबावर 'उंदीरमुक्त वस्ती' लिहून खाली त्यांचाच हसरा फोटो. गटारात पकडलेला हा उंदीर त्यांनी पिंजऱ्यासकट ओट्यावर ठेवला, मारायचं नाव न काढता बायकोपुढे नुसतं ओठांवर बोट ठेवलं आणि उंदरांवर भाषण ठोकायला सभेला गेले. लोकां सांगे ब्रह्मज्ञान! परत येऊन बघतात तर उंदीर देव्हाऱ्याशेजारी मऊ फडक्यावर, आणि बायको गालातल्या गालात हसतेय. "छान आहे हो," ती म्हणाली. बायकोसाठी कधी साधी केसांची पिन न आणलेला माणूस तो. त्याची जीभ टाळ्याला चिकटली, ती आजपर्यंत.

"मग अर्ज फेटाळावा लागेल," साहेब म्हणाले आणि त्यांनी पेन काढलं.

"थांबा." प्रमुख उठले. "तिनं काही विकलेलं नाही. हा गटारातला आहे. मीच पकडला, मारायला." मग बायकोकडे न बघता म्हणाले, "मी तुझ्यासाठी काही आणलं नव्हतं गं."

साहेबांनी हसू दाबत परवान्यावर शिक्का मारला. बी-युननं डोळे पुसले. प्रमुखांना मात्र मान वर करवेना.

स्यू-चिननं पेरूची फोड आत ठेवली.

"गटारातल्या उंदराची शेपटी ओळखते मी, आंधळी नाही," ती म्हणाली. "पण पहिल्यांदाच तुम्ही घरी काहीतरी आणलं होतंत. म्हटलं, विचारायला जावं तर तेही परत न्याल."